कांद्यातील फ्लेव्होनॉइड: आरोग्याला फायदा किती, शेतात आणि बाजारात काळजी कोणती

थोडक्यात

- फ्लेव्होनॉइड ही वनस्पतींत तयार होणारी संयुगे आहेत. महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणात त्यांचा एक मोठा, स्वस्त आणि बारमाही स्रोत कांदा आहे. कांद्यातील मुख्य फ्लेव्होनॉइडचे नाव क्वेर्सेटीन.
- क्वेर्सेटीन सगळ्यात जास्त बाहेरच्या पापुद्र्यांत असते. लाल कांद्यात ते भरपूर, तर पांढऱ्या कांद्यात फारच कमी असते.
- आहारातून मिळणारा फायदा खरा आहे, पण माफक आहे. कांदा हे मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध नाही. सुरू असलेली गोळी कांद्याच्या भरवशावर बंद करू नये.
- काढणीनंतरची नीट सुकवण आणि जाड, घट्ट पत्ती यांमुळे कांदा टिकतो, दर मिळतो आणि क्वेर्सेटीनही जपले जाते.
- "साखर बरी करणारा कांदा" अशी जाहिरात चुकीची आहे आणि कायद्याच्या कचाट्यात आणणारी आहे.

हा विषय शेतकऱ्याच्या कामाचा का?

नवी मुंबईतील वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य असे स्वतंत्र बाजार आहेत. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतून येणारा कांदा इथून मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या घराघरांत जातो. बाजारात व्यापारी गोणी उघडतो तेव्हा आधी आकार, रंग आणि पत्ती पाहतो. दोन सुक्या पापुद्र्यांत घट्ट बसलेल्या, चकाकणाऱ्या मालाला "डबल पत्ती" म्हणतात आणि त्याला चांगला दर मिळतो. पत्ती गेलेला, उघडा पडलेला कांदा मागे पडतो. ज्या पत्तीवरून दर ठरतो त्याच भागात आणि त्याच्या लगतच्या मांसल पापुद्र्यात क्वेर्सेटीनचा साठा असतो.

दुसरे कारण घरातले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आढळले. हे आता फक्त शहराचे दुखणे राहिलेले नाही. गावागावांत साखरेच्या गोळ्या सुरू असलेली माणसे आहेत आणि त्यांच्या मोबाईलवर "कांदा खा, गोळी सोडा" असे संदेशही येतात. शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ता दोघांनाही यातले खरे-खोटे माहीत असायला हवे.

फ्लेव्होनॉइड म्हणजे काय?

झाड आपल्या बचावासाठी जी संयुगे बनवते त्यांतील एक मोठा गट म्हणजे फ्लेव्होनॉइड. आतापर्यंत त्यांचे सहा हजारांहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. ऊन, किडी, बुरशी यांपासून संरक्षण आणि फुला-फळांना रंग ही त्यांची झाडातली कामे. १९३६ मध्ये शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी त्यांना "जीवनसत्त्व पी" असे नाव सुचवले होते. पुढे लक्षात आले की ती न मिळाल्यामुळे एखादा ठरावीक आजार होत नाही, म्हणून ते नाव मागे पडले. फ्लेव्होनॉइड ही जीवनसत्त्वे नाहीत, ती आहारातील उपयुक्त सोबती आहेत.

आपल्या पिकांतील मुख्य गट असे:

- फ्लेव्होनॉल: कांदा, शेवग्याचा पाला. यात क्वेर्सेटीन आणि केम्फेरॉल येतात.
- अँथोसायनिन: जांभूळ, काळी द्राक्षे, डाळिंबाचे दाणे, कोकम, लाल कांद्याची साल. लाल, निळा, जांभळा रंग यांच्यामुळे येतो.
- फ्लेव्हॅनोन: संत्री, मोसंबी, लिंबू. संत्र्यातील हेस्पेरिडीन सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पडद्यात जास्त असते.
- कॅटेचिन: चहा, कोको.
- आयसोफ्लेव्होन: सोयाबीन.

रंगावरून सरसकट अंदाज बांधू नये. आंबा, गाजर आणि टोमॅटो यांचा रंग कॅरोटिनॉइडचा असतो. बीट आणि लाल माठ यांचा लाल रंग बीटालेन या वेगळ्या गटाचा असतो. हळदीतील कुर्क्युमीनही फ्लेव्होनॉइड नाही. हे सगळे पदार्थ खाण्यास चांगलेच आहेत, पण त्यांची नावे एकमेकांत मिसळू नयेत.

कांद्यात क्वेर्सेटीन किती आणि कुठे?

रंगीत कांद्याच्या खाण्यायोग्य भागात १०० ग्रॅममागे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटीन मिळते. वाण, हंगाम आणि सुकवण यांनुसार हा आकडा बराच खालीवर होतो. पांढऱ्या कांद्यात ते याच्या अगदी थोड्या अंशाने असते.

कांद्याच्या आत त्याची वाटणी सारखी नसते. बाहेरच्या मांसल पापुद्र्यात सर्वाधिक आणि गाभ्याकडे जाताना ते कमी होत जाते. सुक्या सालीत तर ते मांसल भागापेक्षा कित्येक पट असते. लाल कांद्याचे अँथोसायनिनही मुख्यतः बाहेरच्या थरांतच असते. म्हणून कांदा सोलताना सुक्या सालीबरोबर एक-दोन जाड पापुद्रे काढून टाकले तर वजन थोडेच जाते, पण फ्लेव्होनॉइडचा मोठा वाटा कचऱ्यात जातो.

मांसल भागातील क्वेर्सेटीन बहुतांशी साखरेच्या रेणूला जोडलेल्या रूपात असते. हे रूप आतड्यात चांगले शोषले जाते. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी केलेल्या एका छोट्या प्रयोगात कांद्यातील सुमारे ५२ टक्के क्वेर्सेटीन शोषले गेले. शुद्ध क्वेर्सेटीन दिले तेव्हा हे प्रमाण सुमारे २४ टक्केच होते.

शरीरावर परिणाम: पुरावा काय सांगतो?

शोषलेले क्वेर्सेटीन यकृतात रूप बदलते आणि रक्तात अगदी अल्प प्रमाणात फिरते. शोषले न गेलेले मोठ्या आतड्यातील जिवाणू तोडतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर सैल राहण्यास मदत, दाह कमी करणे आणि पिष्टमय पदार्थांचे पचन किंचित संथ करणे असे परिणाम प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण प्रयोगशाळेतील परिणाम आणि माणसातील परिणाम यांत मोठे अंतर असते. माणसांवरील पुरावा दोन प्रकारचा आहे.

*निरीक्षणातून मिळालेला पुरावा.* नेदरलँड्समधील झुटफेन गावात ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवली गेली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात फ्लेव्होनॉइड जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. त्यांच्या फ्लेव्होनॉइडचे मुख्य स्रोत चहा, कांदा आणि सफरचंद हे होते. अमेरिकेत सुमारे दोन लाख स्त्री-पुरुषांच्या २०१२ मधील अभ्यासात अँथोसायनिन जास्त घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण कमी दिसले. पण असे लोक एकूणच भाजी-फळे जास्त खातात, व्यायाम करतात, तंबाखू कमी घेतात. त्यामुळे सगळे श्रेय एका घटकाला देता येत नाही.

*चाचणीतून मिळालेला पुरावा.* क्वेर्सेटीनच्या गोळ्या देऊन केलेल्या सात चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ५८७ व्यक्ती होत्या. वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ अंकांनी आणि खालचा सुमारे अडीच अंकांनी कमी झाला. हा परिणाम दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्यांत दिसला. कोलेस्टेरॉलमध्ये ठळक फरक पडला नाही. उपाशीपोटीच्या साखरेबाबतही क्वेर्सेटीनच्या चाचण्यांतून भरवशाची, ठळक घट सिद्ध झालेली नाही.

आता हिशेब करू. १०० ग्रॅम कांद्यात २० ते ४० मिलिग्रॅम धरले, तर ५०० मिलिग्रॅमसाठी रोज सव्वा ते अडीच किलो कांदा खावा लागेल. तेवढे करूनही वरचा रक्तदाब सुमारे ३ अंकांनीच उतरणार. ज्याचा रक्तदाब १६० आहे त्याचे काम एवढ्याने भागत नाही. त्याला गोळी, मीठ कमी करणे आणि तपासणी लागतेच.

मग कांदा खाण्यात काय अर्थ? अर्थ असा की १०० ग्रॅम कांद्यात फक्त ४० च्या आसपास किलोकॅलरी असतात, त्यातील तंतू आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य आहे, आणि क्वेर्सेटीनची रूपे रक्तात बराच काळ टिकत असल्याने रोज थोडा कांदा खाल्ला की त्याची पातळी टिकून राहते. हा फायदा वर्षानुवर्षांच्या आहाराचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत रोज साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. कांदा त्या ४०० ग्रॅममधला एक भागीदार आहे, सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

शेतात आणि चाळीत काय करावे?

वाणाची निवड. क्वेर्सेटीनसाठी वेगळे वाण शोधण्याची गरज नाही. हंगामाला योग्य आणि टिकाऊ लाल वाण निवडावा. रब्बी साठवणुकीसाठी एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण प्रचलित आहेत. खरिपासाठी भीमा सुपर, भीमा डार्क रेड, बसवंत ७८०, फुले समर्थ असे पर्याय आहेत. भीमा मालिकेतील वाण राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन केंद्राचे आहेत. पांढऱ्या कांद्याचे स्थान वेगळे आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा गोडव्यासाठी आणि माळांमधील विक्रीसाठी ओळखला जातो. निर्जलीकरण उद्योगही पांढरा कांदाच मागतो. हे गुण सांगूनच तो विकावा, "फ्लेव्होनॉइडयुक्त" म्हणून नव्हे.

खते. नत्र वाढवून क्वेर्सेटीन वाढत नाही. स्वीडनमधील शेतप्रयोगात नत्राच्या मात्रेचा त्यावर ठळक परिणाम दिसला नाही. उलट उशिरा दिलेल्या जादा नत्राने माना जाड होतात, पत्ती सैल राहते आणि चाळीत कोंब येऊन सड वाढते. लागवडीनंतर ६० दिवसांपुढे नत्र देणे टाळावे. गंधकाने तिखटपणा वाढतो. तो गुण वेगळा आहे, त्याचा क्वेर्सेटीनशी घोळ करू नये.

काढणी आणि सुकवण. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. याच प्रयोगांत असे आढळले की काढणीनंतर शेतात सुकत असताना कांद्यातील क्वेर्सेटीन वाढते.

1. काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाणी तोडावे.
2. साधारण निम्म्या माना पडल्या की काढणी करावी.
3. कांदा पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात सुकवावा. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा अंथरावा.
4. मान साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर ठेवून पात कापावी. मान अगदी जवळून कापल्यास तेथून रोगांचा शिरकाव होतो.
5. त्यानंतर १० ते १२ दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात सुकवावा.

ऊन लागल्याने क्वेर्सेटीन वाढते म्हणून एप्रिल-मेच्या कडक उन्हात कांदा उघडा टाकू नये. त्याने चट्टे पडतात, पत्ती तडकते आणि साठवण बिघडते.

पत्ती आणि बुरशी. रंगीत कांद्याच्या सुक्या सालीत क्वेर्सेटीनपासून बनणारे प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असते. सालीवर काळे ठिपके पाडणाऱ्या स्मज या बुरशीजन्य रोगाला ते अटकाव करते. अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत झालेले हे संशोधन रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. पांढरा कांदा या रोगाला जास्त बळी पडतो, त्याचे कारण हेच. मात्र साठवणुकीतील काळी बुरशी हा वेगळा रोग आहे आणि तो लाल कांद्यावरही येतो. त्यासाठी कोरडेपणा आणि वायुवीजन हाच मुख्य उपाय.

साठवण. चाळीत थराची उंची चार ते पाच फुटांपेक्षा जास्त नसावी. जोड, डेंगळे, चिरलेले, जाड मानेचे कांदे आधीच बाजूला काढावेत. चांगल्या साठवणुकीत क्वेर्सेटीन काही महिने बऱ्यापैकी टिकते, अँथोसायनिन मात्र त्यापेक्षा लवकर घटते. कांदा वारंवार हलवून, आपटून पत्ती झडू देऊ नये. प्रतवारी चाळीतून काढल्यावर एकदाच करावी आणि वाशीसाठी गोणी भरताना माल फेकू नये.

स्वयंपाकघरात

- फक्त सुकी, कागदासारखी साल काढावी. पहिला मांसल पापुद्रा निरोगी असेल तर ठेवावा. काळी बुरशी दिसल्यास तो थर काढून टाकावा, बुरशी आतपर्यंत असेल तर कांदाच टाकून द्यावा.
- कांदा परतल्याने क्वेर्सेटीन फारसे नष्ट होत नाही. उकडल्यास साधारण पाव भाग पाण्यात उतरतो. ते पाणी आमटीत, रश्श्यात वापरावे.
- तळलेल्या कांदाभजीत क्वेर्सेटीन शिल्लक राहते, पण तेल आणि बेसनाच्या उष्मांकापुढे तो फायदा मागे पडतो.
- पिठले-भाकरी, आमटी, उसळ, कोशिंबीर यांबरोबर कच्चा किंवा परतलेला कांदा हा उत्तम मार्ग आहे.
- फळे चावून खावीत. १ लाख ८७ हजार लोकांच्या २०१३ मधील अमेरिकी अभ्यासात अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत तो अधिक आढळला. साखर घातलेले कोकम सरबत किंवा जांभळाचे सिरप मधुमेहींसाठी योग्य नाही.
- चहातही फ्लेव्होनॉइड असतात, पण चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो. जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा टाळावा. रक्तक्षय असलेल्या महिलांनी आणि मुलींनी हे विशेष पाळावे.

विक्री करताना काय बोलावे, काय बोलू नये?

शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता मुंबई-नवी मुंबईत थेट ग्राहकाला माल विकतात. पिशवीवरचा मजकूर ही त्यांची जबाबदारी असते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार अन्नपदार्थ एखादा रोग टाळतो किंवा बरा करतो असा दावा करता येत नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या यादीत मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग आणि लठ्ठपणा यांचा समावेश आहे.

*चालेल:* "रब्बी लाल कांदा, सावलीत सुकवलेला, डबल पत्ती, गाव व काढणीची तारीख."

*चालणार नाही:* "मधुमेहावर रामबाण", "रक्तदाबाची गोळी बंद करा", "डॉक्टरांनी सांगितलेला कांदा."

क्वेर्सेटीनचा आकडा छापायचा असेल तर त्या मालाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पुस्तकातील आकडा आपल्या मालावर छापू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहात कांदा चालतो का?
चालतो. भाजी, कोशिंबिरीतील नेहमीच्या प्रमाणात कांदा खाण्यास सर्वसाधारणपणे अडचण नाही. मात्र गोळ्या, इन्सुलिन आणि तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवावी.

सालीत क्वेर्सेटीन जास्त, मग सालीचा काढा प्यावा का?
नाही. सालीवर माती, बुरशी आणि फवारणीचे अंश राहतात. बाजारात मिळणाऱ्या कांद्याच्या सालीचा घरगुती काढा सुरक्षित धरता येत नाही. सालीतून क्वेर्सेटीन काढणे हे कारखान्याचे काम आहे. शेतकऱ्याने ती कंपोस्टमध्ये वापरावी, रोगट साल मात्र त्यात टाकू नये.

क्वेर्सेटीनच्या कॅप्सूल घ्याव्यात का?
स्वतःहून घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत ती इतर औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतात. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

पपनस आणि औषधांचा काही संबंध आहे का?
आहे. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातकुळीतील पपनस यांमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. अशा गोळ्या सुरू असतील तर ही फळे खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कांदा खाल्ल्यावर पोट फुगते, काय करावे?
कांद्यातील फ्रुक्टन हे तंतू काहींना वायू करतात. प्रमाण कमी करावे. त्रास कायम राहिल्यास कांदा सोडून शेवग्याचा पाला, इतर भाज्या आणि ऋतूतील फळे यांतून फ्लेव्होनॉइड मिळवावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावच्या बैठकीत हा विषय मांडताना शेती आणि आरोग्य एकत्र सांगावे. एक कांदा उभा कापून दाखवावा: बाहेरचा गडद थर, आतला फिका गाभा. पत्ती का जपायची आणि जाड सोलायचे का नाही, हे दोन्ही एकाच कांद्यावरून पटते. त्यानंतर सव्वा ते अडीच किलोचा हिशेब फळ्यावर मांडावा. बैठकीत कोणी गोळ्या बंद केल्या असल्याचे कळल्यास त्याला दोष न देता त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात साखर व रक्तदाब तपासून घेण्यास सांगावे आणि आशा कार्यकर्तीला कळवावे. कांदा ताटात ठेवा, गोळी वेळेवर घ्या आणि चाळीतला माल कोरडा राखा, एवढे तीन मुद्दे बैठकीतून प्रत्येकाच्या लक्षात राहिले पाहिजेत.